ज्यांच्या घराकडे गर्दी होती

आमच्या समोरच्या दारात एक बाई राहतात आणि त्या बस चालवतात. बस म्हणजे मधोमध पेटीच्या भात्यासारख्या घड्या असलेली लांबडी बस; वळताना तिचं शेपूट वेगळ्याच पत्त्यावर निघालंय की काय असं वाटतं. बाई ती अशी वळवतात, जशा आमच्या सरकार रात्री कूस वळवतात, म्हणजे कुणालाही न विचारता आणि वाटेत येईल त्याला बाजूला सारून. सरकार म्हणजे माझी बायको. हे वाक्य ती वाचणार आहे, हे मला माहीत आहे.

इमारतीत बाईंना सगळे बसबाई म्हणतात, तेही तोंडावर. तशी त्यांचीच ताकीद आहे. "मागून जे म्हणायचं ते पुढून म्हणा. मला आरशात सगळं दिसतंच."

बसबाई काळ्या आहेत. सावळ्या, निमगोऱ्या, उजळ, असले स्थळं बघताना वापरायचे शब्द इथे कामाचे नाहीत. त्यांचे आजोबा समुद्रापलीकडून आले. येताना रंग, कुरळे केस आणि दणदणीत आवाज घेऊन आले, आणि यातलं काहीही अजून विरलेलं नाही. जिन्याच्या तळाशी उभं राहून त्या "आले हो बाबा" म्हणाल्या की त्यांचे वडील "ये" म्हणतातच, पण वरच्या मजल्यावरचे आणखी एक-दोन म्हातारेही म्हणतात.

एकदा मी त्यांच्याच बसमध्ये पुढच्या सीटवर होतो. थांब्यावर लोकरीच्या टोपीतल्या एक वयस्क बाई चढायला लागल्या. एक पाय वर, एक खाली. नजर स्टिअरिंगच्या चाकाकडे गेली, चाकामागच्या चेहऱ्याकडे गेली, आणि वरचा पाय खाली आला.

"मी पुढची घेते," त्या म्हणाल्या.

"घ्या की," बसबाई म्हणाल्या. "पुढची पण मीच आणणार आहे, फेरी मारून. तोवर गारठ्यात उभं राहायची हौस असेल तर बघा."

बाई चढल्या. मग अख्खा रस्ता त्यांनी बसबाईंना रस्ता शिकवला. आता डावीकडे घ्या, आता जरा जपून, इथे खड्डा आहे. बसबाई दर वेळी "बरं" म्हणत होत्या आणि आपल्या रस्त्यानं जात होत्या. उतरताना त्या बाई मला हळूच म्हणाल्या, "मी होते म्हणून नीट पोचलो."

मी हे बसबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. "भाऊ, चाक माझ्या हातात असतं आणि अक्कल मागे बसलेल्यांकडे. रोजचंच आहे."

आता आमच्या वाचनाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं काही लागायचं नाही.

तळमजल्यावर एक हॉल आहे. घडीच्या खुर्च्या, एक हीटर जो चालू आहे की नाही हे हात लावल्याशिवाय कळत नाही, आणि खिडकीत कुणाचीच नसलेली एक कुंडी. तिथे हिवाळ्यातल्या रविवारी, दुपारची जेवणं उरकली की इमारत जमते आणि एक कादंबरी मोठ्यानं वाचते. दर हिवाळ्याला तीच. जुनी आहे, जाड आहे, गाजलेली आहे. तिच्यातला एक भाग शाळेत धडा म्हणून असतो, त्यामुळे ती सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणजे कुणीच वाचलेली नसते.

गोष्ट जहाजाची आहे. जहाजाचं सुकाणू धरणारा एक काळा खलाशी आहे, लहानपणी कुठल्याशा बेटावरून उचलून आणलेला. किनारा त्याला पाठ. तो कप्तानाला पुन्हा पुन्हा सांगतो, साहेब, समोर खडक आहेत, वळवू या. कप्तान पाहुण्यांसमोर म्हणतो, आता ह्याच्याकडून मी रस्ता शिकू का. जहाज फुटतं. खलाशी होडी काढून निम्म्या लोकांना किनाऱ्याला लावतो. मग चौकशी बसते आणि कप्तान सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडतो. खलाशी जबानी देतो, जमलेली गर्दी ओरडते, न्यायाधीश शिक्षा ठोठावतो. झाली कादंबरी. मध्ये एक प्रेमप्रकरण आहे, ते आम्ही भरभर वाचतो, कारण नायिका चौथ्या मजल्यावरच्या आजोबांकडे आहे.

तर भूमिका. आमच्याकडे भूमिका माणसांना दिलेल्या नाहीत, घरांना दिलेल्या आहेत. घर विकलं की चावीबरोबर भूमिकाही नव्या मालकाकडे जाते. दुसऱ्या घराची ओळ उच्चारायची नाही, हा कडक नियम. एकदा न्यायाधीशाला ऐन वेळी खोकला आला म्हणून कप्तानानं त्याचं वाक्य पुरं केलं, तर दोन्ही घरांचं बोलणं बंद पडलं ते एकाच्या मुलीच्या लग्नापर्यंत. कप्तान औषधांच्या दुकानवाल्यांकडे आहे, निवेदन त्यांच्याच थोरल्या वहिनींकडे, कारण त्यांचं घर वेगळं. न्यायाधीश केस कापणाऱ्यांकडे. आमच्या घराकडे वादळ आहे. मी तोंडानं वारा काढतो आणि सरकार पत्रा हलवतात. पत्रा हलवताना त्या माझ्याकडेच का बघतात, हे मी अजून विचारलेलं नाही.

सुकाणूवाला हेडसरांकडे. हेडसर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक आणि वाचनाचे सर्वेसर्वा. हे वाचन त्यांच्या वडिलांनी, थोरल्या सरांनी सुरू केलं. सुकाणूवाल्याचा आवाजही त्यांचाच. स चा श, दर दोन शब्दांमागे एक शिट्टी, आणि वाक्याच्या शेवटी काहीतरी गिळल्यासारखा घोट. "शाहेब, शमोर खडक आहेत, शाहेब." लोक पोट धरून हसायचे. थोरले सर गेले आणि हेडसरांनी तो आवाज हुबेहूब उचलला. कुणी नवीन बिऱ्हाड आलं की ते समजावून सांगत, "ते लोक असेच बोलत. वडिलांचा त्यावर अभ्यास होता." जबानीच्या प्रकरणाला तर हॉल गडगडायचा. सगळ्यांत जास्त हसायच्या हेडसरांच्या आई, आमच्या सगळ्यांच्या आजी. पहिल्या खुर्चीत बसून, डोळ्यांना पदर लावून.

आणि गर्दी? गर्दी बसबाईंच्या घराकडे होती.

त्यांनी घर घेतलं तेव्हाच ती आली. गर्दीला एकच ओळ आहे. खलाशाची जबानी संपली की ओरडायचं, "खोटं बोलतोय काळा." हेडसरांनी चावी आणि ही ओळ दोन्ही एकदम बसबाईंच्या वडिलांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सोपी आहे, पाठ करायला नको." यात काही विचित्र आहे असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमची डोकी तेव्हा चहाकडे होती.

बाबा, म्हणजे बसबाईंचे वडील, बंदरावर क्रेन चालवायचे. उंच, शांत, हाताला सतत काम लागणारा माणूस. पहिल्या हिवाळ्याला ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि शेवटपर्यंत नीट ऐकत बसले. जबानीचं प्रकरण आलं. हॉल हसत होता. गर्दीची ओळ आली तेव्हा बाबा उभे राहिले, खुर्चीची घडी घातली, ती भिंतीला लावली आणि जिना चढून वर गेले. त्यानंतर ते कधी वाचनाला आले नाहीत. ओळ बसबाई म्हणायला लागल्या, थांब्याचं नाव पुकारावं तशी सपाट. मी एकदा विचारलं, का म्हणता? तर म्हणाल्या, "घर घेतलंय भाऊ. राहायचंय."

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर हेडसरांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी वाचायला साफ मनाई केली. वाचनाची बैठक भरली. रिकाम्या भूमिकेबद्दल आमच्याकडे नियम आहे, ज्याचा हात आधी वर त्याची. हेडसरांचं "सुकाणूवाला कोण" हे पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत एक हात वर गेला. बस थांबवायला लोक करतात तसला नव्हता तो. समोरच्या गाडीला थांबवायला ड्रायव्हर करतो तसा होता.

"वा, शोभेल," औषधवाले म्हणाले. "तुम्हाला तर रंगसुद्धा लावायला नको."

"तुम्हाला कप्तान शोभतोच की," बसबाई म्हणाल्या. "जहाज बुडवायला कुठं काय लावावं लागतं."

औषधवाल्यांना हे उलगडेपर्यंत विषय पुढे गेला होता.

"पण एका घरात दोन भूमिका?" हेडसर म्हणाले. "गर्दीचं काय?"

"घरातल्या घरात बघू."

"ठीक आहे, यंदापुरतं. पण आवाज तोच हवा. त्याशिवाय सुकाणूवाला नाही. उद्यापासून शिकायला या."

आता हेडसरांच्या घरी मी कसा, असं विचारू नका. त्यांच्या डोळ्यात औषधाचे थेंब घालायला मी रोज जात होतो, आणि थेंबांना लागतो त्याहून जरा जास्त वेळ तिथं थांबत होतो, इतकंच. हेडसर आरामखुर्चीत, एका डोळ्यावर पट्टी. कोपऱ्यात आजी डोळे मिटून, झोपल्या आहेत की ऐकताहेत हे त्यांचं त्यांना ठाऊक. समोर बसबाई, कामावरच्या जाकिटातच आलेल्या.

"म्हणा, शाहेब."

"साहेब."

"शाहेब. जीभ अशी मागे घ्या."

"साहेब. सर, हे शाहेब पुस्तकात कुठंय?"

"पुस्तकात सगळं नसतं, बाई. हे परंपरेत आहे. शाहेब, शमोर खडक."

कोपऱ्यातून आजींना मिटल्या डोळ्यांनी खुदकन हसू आलं. हेडसर खूष झाले. "बघा. आईसुद्धा हसली. हा विनोदी माणूस आहे. एवढ्या बुडाबुडीत लोकांना जरा विसावा हवा."

"कुणाला विसावा?" बसबाई म्हणाल्या. "सर, मी ते पुस्तक नीट वाचलं. मधेच दोनदा भिंतीवर फेकलं, पण वाचलं. लिहिणारा काही देवमाणूस नव्हता. ह्या खलाशाला तो एकदा अस्वल म्हणतो, एकदा कोळशाचं पोतं. त्याच्या काळात सगळेच म्हणत असतील, म्हणोत. पण खलाशाला स्वतःला बोलायला दिलं, तिथं त्यानं सरळ बोलू दिलंय. शिट्ट्या नाहीत, घोट नाहीत. लिहिता लिहिता त्यालाच कळलं असेल, की हा माणूस आपण समजत होतो तसला नाही. त्यानं जे केलं नाही ते आपण कशाला करायचं?"

"आपण म्हणजे माझे वडील," हेडसर म्हणाले. आवाज चढला नाही, पण पट्टीबाहेरचा डोळा लाल झाला. "तो आवाज एवढंच त्यांचं माझ्याकडे उरलंय. तुम्ही तो काढला नाहीत, तर मी भर हॉलमध्ये उभा राहीन आणि वाचन थांबवीन. स्पष्ट सांगतो."

"स्पष्टच बरं," बसबाई उठत म्हणाल्या. "मी पण स्पष्टच वाचणार आहे."

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे एक मोडकी खुर्ची घेऊन गेलो. हॉलमधल्या घडीच्या खुर्च्या मोडल्या की बाबांकडे येतात. ते त्या दुरुस्त करतात, पुसून देतात, फक्त त्यांच्यावर बसायला खाली येत नाहीत. खुर्ची खरोखरच मोडलेली होती. मी बसलो होतो तिच्यावर.

बसबाई बापाच्या मागे लागल्या होत्या. "बाबा, ह्या रविवारी जबानी आहे. खाली यायचं."

"गुडघा," बाबा म्हणाले.

"गुडघा रोज बाजारात जातो."

"बाजारात कुणी हसत नाही." त्यांनी खुर्चीचा स्क्रू दिव्याकडे धरून बघितला. "हसायला मलाही येतं, पोरी. त्या पानावर येत नाही."

"म्हणून तर ते पान घेतलंय. तुम्ही एकदा ते नीट ऐकावं म्हणून. मला काय हौस आहे व्हय सरांशी भांडायची?"

"तुझं वाचून झाल्यावर ते हसले, तर?"

बसबाई खिडकीशी गेल्या, पडदा सरळ होता तो आणखी सरळ केला.

"आणि गर्दी मी म्हणणार नाही," बाबा म्हणाले.

"मागितलीय कुणी?"

"मग कोण म्हणेल?"

"ते गर्दी बघेल." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, तुमचे कान खुर्चीला लागलेत का? झाली असेल दुरुस्त तर न्या."

रविवार आला. जिन्यातून खाली जाताना मी बघितलं, समोरचं दार बंद. हॉल मात्र खच्चून भरलेला. हेडसर आणि बसबाई यांच्यात काहीतरी होणार आहे, ही बातमी घराघरांत पोचली होती. कुणी पोचवली हा प्रश्न इथे गैरलागू आहे.

आधी वादळ. मी छाती फुटेस्तोवर वारा काढला, सरकारांनी पत्रा हाणला. कुणाचं लक्ष नव्हतं. औषधवाल्यांनी जहाज बुडवलं. मग वहिनींनी पान उलटलं आणि चौकशीचं प्रकरण सुरू झालं. बसबाई उठल्या. पुस्तक दोन्ही हातांत असं धरलेलं, की आता वळवतात की काय. मी सहज दाराकडे बघितलं. हॉलचं दार उघडं होतं, आणि बाहेर जिन्याच्या वळणावर, कठड्याच्या गजांमधून दोन बूट दिसत होते. बाबांचे. माणूस वर, बूट खाली. म्हणजे अर्धे आले होते.

बसबाईंनाही ते दिसले असावेत. त्यांना आरशाशिवायही दिसतं.

"साहेब," त्यांनी सुरुवात केली, "समोर खडक आहेत असं मी सांगितलं होतं."

औषधवाल्यांना सवयीनं हसू फुटलं. त्या हसण्याला सोबतच मिळाली नाही. रिकाम्या बसमध्ये कुणी उगाच उभा राहावा आणि मग लाजून बसावा, तसं ते बसलं.

"तुम्ही म्हणालात, तू हात ठेव, डोळे मी ठेवतो. मी हात ठेवले, साहेब. डोळे कुणीच ठेवले नाहीत." आवाज खाली होता. हा त्यांचा जिना हलवणारा आवाजच नव्हे. गाडी उतारावर असताना जसा पाय ब्रेकवर अलगद असतो, तसा. "मग मी होडी काढली. पाण्यातून जो हात वर आला तो धरला. कुणाचा, कसल्या रंगाचा, ते दिसत नव्हतं. अंधार होता. अंधारात सगळ्यांचे हात सारखेच गार होते. तुमचाही."

ही वाक्यं दर वर्षी वाचलेली. मी शपथेवर सांगतो, मी ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. आधी आम्हाला फक्त शिट्ट्या ऐकू यायच्या. सरकारांनी हातातला पत्रा हळूच भिंतीला टेकवला, वाजू नये म्हणून.

जबानी संपली. वहिनींनी निवेदन वाचलं, "आणि जमलेली गर्दी एका आवाजात ओरडली."

कुणीच ओरडलं नाही.

गर्दीची ओळ ज्या घराची, त्या घराची बाई सुकाणूवाला होऊन पुस्तक धरून उभी होती आणि स्वस्थ समोर बघत होती. हीटरचा टिकटिक आवाज येत होता, म्हणजे तो चालू होता, हेही त्या दिवशी कळलं.

"गर्दी," हेडसर म्हणाले.

कुणी नाही.

"औषधवाले, तुम्ही म्हणा."

"आमच्याकडे कप्तान आहे, सर." औषधवाले बुटाची नाडी बघत होते. "दुसऱ्याच्या घरची ओळ कशी घ्यायची? तुमचाच नियम."

"नियम राहू दे. कुणीही म्हणा. चार शब्दसुद्धा नाहीत."

आम्ही सगळे आपापल्या बुटांत गुंग. तीन शब्द, पण त्या बाईच्या तोंडावर ते म्हणायला कुणाची जीभ उचलेना. मी हळूच विचारलं, "सर, मी वारा काढू का?" सरकारांनी चिमटा काढला.

हेडसर उभे राहिले. म्हणाले होते तसे, भर हॉलमध्ये. पट्टी सारखी करत म्हणाले, "हे असं होणार होतं. हे सगळं आवाजामुळे झालंय. तो आवाज असता तर लोक हसले असते आणि ओळ आपोआप आली असती. ते लोक बोलायचे तसं बोलायला नको? माझ्या वडिलांनी त्याचा अभ्यास केला होता."

"कसला अभ्यास रे, बाळ?"

पहिल्या खुर्चीतून आजी. सत्तरीला टेकलेल्या हेडसरांना बाळ म्हणणारं जगात हे एकच माणूस उरलंय.

"आई, आपल्या बाबांचा. सुकाणूवाल्याच्या बोलण्याचा."

"अरे, त्यांची नवी कवळी होती ती." आजी खुर्चीत सरळ झाल्या. "वाचन सुरू केलं त्याच आठवड्यात बसवलेली. मापात नव्हती मेली. स म्हटला की श व्हायचा, फ म्हटला की शिट्टी वाजायची, आणि वाक्याच्या शेवटी घसरायची म्हणून आवंढा गिळून जागेवर बसवायचे. लोकांना वाटलं मुद्दाम करतात. लोक हसले. हे इतके खूष झाले, की पुढच्या वर्षी चांगली कवळी आली तरी तसंच बोलायचे."

हेडसर आईकडे वळले.

"पण आई, तू तर सगळ्यांत जास्त हसायचीस."

"मी त्या खलाशाला कशाला हसू? त्या बिचाऱ्यानं काय केलंय? मी ह्यांच्या दातांना हसत होते. तू तो आवाज काढलास की हे समोर दिसायचे, आवंढा गिळताना. म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "छान काढायचास हो, बाळ. दात मजबूत असून."

आता मात्र हॉल फुटला. पहिल्यांदा वहिनी, मग न्यायाधीश, मग सगळेच. बसबाईंनी पुस्तक तोंडावर धरलं, पण खांदे हलत होते. इतक्या वर्षांचं परंपरागत हसू अखेर ज्याचं त्याच्या, म्हणजे एका कवळीच्या पत्त्यावर पोचत होतं. हेडसर उभेच होते. एका डोळ्यानं आईकडे बघत होते. मग हळूच खाली बसले आणि म्हणाले, "म्हणजे मी काय काढत होतो आजपर्यंत?"

"वडिलांचे दात," आजी म्हणाल्या, आणि त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं.

हसू ओसरत होतं तेवढ्यात दारातून आवाज आला. "गर्दी आमच्या घराकडे आहे ना?"

बूट आता दारात होते आणि बुटांच्या वर बाबा होते. इस्त्रीचा शर्ट. बसबाईंच्या हातातलं पुस्तक जरासं खाली आलं.

"तुमच्याकडेच," हेडसर कसेबसे म्हणाले. "ओळ तुमचीच आहे."

बाबांनी सगळ्यांकडे बघितलं. क्रेनच्या केबिनमधून खालच्या माणसांकडे बघून सामान उचलायचं की नाही ते ठरवावं, तसं. मग लेकीकडे बघितलं आणि मोठ्यानं, थेट बंदरावरच्या आवाजात म्हणाले, "खरं बोलतोय तो."

हेडसरांच्या अंगातला मुख्याध्यापक एवढ्यातूनही जागा झाला. "अहो, पुस्तकात 'खोटं' आहे."

"पुस्तकातल्या गर्दीनं नीट ऐकलं नसेल," बाबा म्हणाले. "आम्ही आत्ताच ऐकलंय."

"मी पण गर्दीत," आजी म्हणाल्या. "खरं बोलतोय तो."

मग काय होतंय ते कळायच्या आत सरकारांनी पत्रा उचलला आणि असा हाणला, की खिडकीतल्या कुंडीतली माती सांडली. "खरं बोलतोय," त्या म्हणाल्या. मी म्हणालो. वहिनी म्हणाल्या. चौथ्या मजल्यावरची नायिका दाढी हलवत म्हणाली. कप्तान म्हणाला, आणि कप्तानानंच म्हटल्यावर खटल्यात राहिलं काय. कुणाच्या घरची ओळ कुणाच्या तोंडी गेली याचा त्या दिवशी हिशोब लागणार नव्हता. हॉल दणाणून गेला. बसबाई मध्ये उभ्या होत्या, पुस्तक छातीशी धरून.

पुस्तक अर्थात पुस्तकच होतं. न्यायाधीशाची ओळ तीच होती, शिक्षेची. केस कापणाऱ्यांनी ती वाचली. पण अशी वाचली, की शिक्षा खलाशाला नसून त्यांना स्वतःला झाली आहे, आणि वाचून झाल्यावर पुस्तक मिटायच्या आधी म्हणाले, "हे मला पटलेलं नाही, असं नोंदवून घ्या."

बाबा मघाशीच पहिल्या रांगेत आजींच्या शेजारी बसले होते, स्वतः दुरुस्त केलेल्या खुर्चीवर. लेकीला म्हणाले, "ते हातांचं पान परत वाच."

तिनं वाचलं. ह्या वेळी दणदणीत. चौथ्या मजल्यापर्यंत पोचलं असणार, पण वर कुणी नव्हतंच, सगळे खाली होते.

यंदा हेडसरांचा डोळा लख्ख झाला आहे. नियमानं सुकाणूवाला परत त्यांचा. थंडी पडायला लागली तसे ते एका संध्याकाळी समोरच्या दारात आले. मी आमच्या दारावरची पाटी पुसत होतो. ती रोजच पुसावी लागते.

"सुकाणूवाला तुमच्याकडेच असू द्या," ते बाबांना म्हणाले. "तो आता दुसऱ्या कुणाला जमायचा नाही. मी दुसऱ्याच कामासाठी आलो." मग पायरीकडे बघत विचारलं, "गर्दीत एखादी जागा आहे का?"

बाबांनी विचार केला. "आहे. पण उभं राहावं लागेल. पुढच्या जागा भरल्यात."

"राहीन उभा."

"आणि सर," आतून बसबाईंचा आवाज आला, "येताना आवाज तुमचा आणा."